धागा: बाळंतपणाला सीमेपलीकडच्या माहेरी जाणाऱ्या बायका – परिषदेला ॲबस्ट्रॅक्ट पाठवायचा आहे, मार्गदर्शन हवं

रानवाट (खानापूर तालुका)

नमस्कार मंडळी. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात एका उपकेंद्रात सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे. सार्वजनिक आरोग्याच्या एका राष्ट्रीय परिषदेनं ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे अभ्यासाचे गोषवारे, मागवलेत. २५० शब्दांची मर्यादा आहे, निवड झाली तर तोंडी सादरीकरण किंवा पोस्टर. मला पाठवायचा आहे आणि विषय मनात पक्का आहे.

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज अजून घट्ट आहे. कितीतरी सुनांचं माहेर सीमेपलीकडे महाराष्ट्रात, चंदगड, आजरा, गडहिंग्लजकडचं. ओटी भरली की भाऊ नाहीतर वडील न्यायला येतात. तोवरची सगळी नोंद माझ्याकडे असते: ताई कार्ड (कर्नाटकातलं गरोदर बाईचं नोंदीचं कार्ड), वजन, बीपी, हिमोग्लोबिन, टीडीचे (धनुर्वात-घटसर्पाच्या लसीचे) डोस, लोहाच्या गोळ्या. बाई सीमेवरच्या शिनोळीपलीकडे गेली की माझ्या रजिस्टरातले पुढचे रकाने कोरे. बाळंतपण कुठं झालं, सिझर झालं का, बाळाचं वजन किती, बीसीजी दिली का, काही कळत नाही. आमची आशा फोन लावते, लागला तर लागला. बाळाला बघायला आशानं ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जायचं असतं. माझी आशा तिकडे जाऊ शकत नाही, आणि तिकडच्या आशाच्या यादीत हे नाव नसतं. दीड-दोन महिन्यांनी बाई बाळ घेऊन परत येते तेव्हा सगळं मागून भरून काढायचं.

ज्या बाईचं हिमोग्लोबिन सातच्या आसपास, म्हणजे फारच कमी, असताना ती माहेरी गेली, तिची काळजी मला रात्री झोपू देत नाही. म्हणून हे कुठंतरी मांडायचं आहे.

तिथं प्राध्यापक, पीजीचे विद्यार्थी असणार. एका उपकेंद्राचं काम ते घेतील का? परवानगी कुणाची लागते? आणि लिहायची सुरुवात कुठून करू?

चिकोडीची_अक्का

रानवाट ताई, पाठवा. घेतील का न्हाई हा विचार त्यांना करू दे की, तुम्ही कशाला करताय? मी नर्सिंग कॉलेजात शिकवते. आमच्या पोरी दरवर्षी "अमुक गावातल्या बायकांचं ॲनिमियाविषयीचं ज्ञान" असलं काहीतरी प्रश्नावली भरून घेऊन पाठवतात. तुमच्याकडं जे हाय ते प्रश्नावलीत कुठनं येणार? कागवाड-अथणीकडं तर बायका सरळ मिरजेला जातात, तिथलं कार्ड, तिथली फाईल. निपाणीची कोल्हापूरला जाते, संकेश्वरची गडहिंग्लजला. आपल्या सगळ्या सीमेवर हेच चाललंय आणि कुणी लिहून ठेवलेलं मी तरी वाचलेलं न्हाई.

परवानगीचं म्हणाल तर टीएचओ (तालुका आरोग्य अधिकारी) साहेबांचं पत्र घ्या, बास.

जनआरोग्य_बेळगाव

मी मेडिकलच्या विद्यार्थ्यांना कम्युनिटी मेडिसिन (समाजाच्या आरोग्याचं शास्त्र) शिकवतो. परिषदांसाठी आलेले ॲबस्ट्रॅक्ट तपासण्याचं कामही करतो, त्या बाजूनं लिहितो.

उपकेंद्राचं काम घेतील का, असं विचारलंत. या जिल्ह्यातलंच उदाहरण देतो. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव टाळायला मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या द्याव्यात का, याचा अभ्यास २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत झाला. इथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचा त्यात पुढाकार होता. १६२० बायका होत्या. बाळंतपणं घरी किंवा उपकेंद्रात झाली आणि गोळ्या दिल्या त्या एएनएम (गावपातळीवरच्या परिचारिका) सिस्टरांनी. ज्यांना मिसोप्रोस्टॉल मिळालं त्यांच्यात रक्तस्रावाचं प्रमाण ६.४ टक्के, ज्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी मिळाली त्यांच्यात १२ टक्के. २००६ मध्ये हे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी हे औषध अत्यावश्यक यादीत घेतलं. तुमच्यासाठी त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. रक्त "फार गेलं, थोडं गेलं" असं कुणी अंदाजानं लिहिलं नाही. बाळंतिणीखाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी धरून ते मोजलं. मोजणी काटेकोर होती म्हणून खेड्यातल्या घरात गोळा झालेले आकडे जगानं मानले.

आता तुमच्या ॲबस्ट्रॅक्टकडे येतो. तुमचा विषय ठळक आहे, पण त्याला अजून प्रश्नाचं रूप आलेलं नाही. "सीमाभागातल्या माता आरोग्याच्या समस्या" असा मथळा दिसला की तपासणारा पुढच्या ॲबस्ट्रॅक्टकडे वळतो. प्रश्न असा हवा: मागच्या एप्रिल ते मार्च या वर्षात ज्यांची बाळंतपणाची तारीख येत होती, अशा माझ्या उपकेंद्रात नोंद असलेल्या बायकांपैकी किती जणी बाळंतपणाला महाराष्ट्रात गेल्या? आणि गेलेल्यांपैकी किती जणींची बाळंतपणाची माहिती ४२ दिवसांच्या आत माझ्या रजिस्टरात आली? इथं राहिलेल्यांशी त्याची तुलना करा. एवढ्यावर २५० शब्द सहज भरतात.

मोजताना सुरुवात झालेल्या बाळंतपणांपासून करू नका, नोंद झालेल्या गरोदर बायकांपासून करा. झालेली बाळंतपणं मोजलीत तर ज्या तुमच्या नजरेआड गेल्या त्या हिशेबातूनच गळतात, आणि तुमचा अभ्यास तर त्यांचाच आहे. ज्यांचं काहीच कळलं नाही त्यांचा वेगळा गट ठेवा. "माहिती मिळाली नाही" हा रकाना लपवायचा नसतो, तुमच्या कामात तोच सगळ्यात मोठा निकाल ठरेल.

आकडा लहान असेल याची भीती नको. डोंगरी भागात उपकेंद्राची लोकसंख्या ३००० धरतात, सपाटीवर ५०००. वर्षाला साधारण पन्नास ते ऐंशी बाळंतपणं येतील. फक्त टक्केवारी लिहिताना सोबत मूळ आकडा द्या आणि दशांश चिन्हाच्या पुढे जाऊ नका. पन्नासेक बायकांच्या हिशेबात १७.३९ टक्के असं लिहिलेलं वाचलं की तपासणाऱ्याचा विश्वास उडतो.

अक्का, परवानगीबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. टीएचओंचं पत्र लागतंच, रजिस्टर सरकारी आहे. पण ते पत्र म्हणजे एथिक्स कमिटीची (संशोधनात माणसांचे हक्क जपले जातात का हे बघणाऱ्या समितीची) मंजुरी नव्हे. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे नावं काढून टाकलेल्या नोंदींच्या अभ्यासाला सूट मिळू शकते किंवा लवकर निर्णय होऊ शकतो, पण सूट द्यायची का हे कमिटी ठरवते, आपण नाही. आणि काम उरकल्यावर मागच्या तारखेनं मंजुरी मिळत नाही.

चिकोडीची_अक्का

सर, हे पटलं. पण उपकेंद्राला कुठली आलीय एथिक्स कमिटी? त्या बिचारीनं कुणाच्या दारात जायचं?

जनआरोग्य_बेळगाव

ज्या संस्थेला स्वतःची कमिटी नाही तिनं दुसऱ्या संस्थेच्या कमिटीकडे जायची सोय त्याच तत्त्वांत आहे, त्यासाठी दोन्हीकडून लेखी करार लागतो. त्याहून सोपं म्हणजे जवळच्या मेडिकल कॉलेजातल्या कम्युनिटी मेडिसिन विभागातल्या कुणाला तरी अभ्यासात सोबत घ्यायचं. त्यांच्या कमिटीपुढे प्रस्ताव त्यांच्यामार्फत जातो. प्रश्न तुमचा, नोंदी तुमच्या, कागदपत्रांची सवय त्यांची. बेळगावात अशी माणसं आहेत आणि खेड्यातून प्रश्न घेऊन आलेल्या सिस्टरला ती बसवून घेतात, हे मी खात्रीनं सांगतो.

आणखी एक. रजिस्टरात जे आहे तेवढंच वापरणार असाल तर एक गोष्ट. पण ॲबस्ट्रॅक्टसाठी म्हणून आता मुद्दाम बायकांना फोन करून विचारणार असाल तर ती नवी माहिती झाली, तिला त्यांची संमती हवी. आशा आपल्या रोजच्या कामात फोन करते ते वेगळं. प्रस्तावात हे दोन्ही वेगवेगळं लिहा.

निपाणीकर_फिजिओ

विषयाला थोडं सोडून विचारतो. मला आठवड्याला एक तरी मेल येतो, "आदरणीय डॉक्टर, आपल्या थोर संशोधनानं प्रभावित होऊन" वगैरे, परदेशात परिषद, प्रमुख वक्ता म्हणून आमंत्रण. हे खरं असतं का?

जनआरोग्य_बेळगाव

जवळपास नेहमीच पैसे काढायचा धंदा. ओळखायची खूण: एकाच परिषदेत नर्सिंग, कॅन्सर, दंतवैद्यक आणि पशुवैद्यक सगळं असतं, ॲबस्ट्रॅक्ट पाठवल्याच्या दुसऱ्याच दिवशी स्वीकारला जातो, आणि तपासणीच्या आधीच पैसे मागतात. खऱ्या परिषदेमागे एखादी व्यावसायिक संघटना असते आणि तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर परिषदेची माहिती असते. सार्वजनिक आरोग्यात इंडियन पब्लिक हेल्थ असोसिएशन आणि आयएपीएसएम (कम्युनिटी मेडिसिनवाल्यांची संघटना) यांच्या वार्षिक परिषदा आहेत. कर्नाटकात कर्नाटक असोसिएशन ऑफ कम्युनिटी हेल्थ आहे. नर्सिंगमध्ये टीएनएआय (परिचारिकांची संघटना), सुईणशास्त्रात सोसायटी ऑफ मिडवाइव्हज ऑफ इंडिया. रानवाट ताईंनी पहिल्यांदा राज्य पातळीवर पाठवलं तरी चालेल, तिथं ताई कार्ड म्हणजे काय हे समजावण्यात शब्द जात नाहीत.

नोंदणी फी मात्र खऱ्या परिषदांनाही असते आणि सादर करणाऱ्यानं ती भरावीच लागते. लवकर भरली तर कमी पडते. ॲबस्ट्रॅक्ट स्वीकारल्याचं पत्र आल्याशिवाय भरू नका, आणि त्या पत्रावरच ओओडीचा (परिषदेचे दिवस कामावरच धरण्याचा) अर्ज करा.

हिरण्यकेशी (गडहिंग्लजकडची)

हा धागा वाचून राहवलं नाही. मी पलीकडच्या बाजूला आरोग्य सेविका आहे. रानवाट ताई ज्यांना शोधतायत त्या बायका माझ्या दारात येतात.

इकडून कसं दिसतं ते सांगते. माहेरवाशीण आठव्या महिन्यात येते. बरोबर ताई कार्ड असतं, पण आतले शेरे कन्नडमध्ये. आकडे वाचता येतात, शेरे वाचता येत नाहीत. कार्ड सासरीच राहिलं असेल तर आम्ही पहिल्यापासून तपासतो आणि नवीन नोंद करतो. म्हणजे एकच बाई दोन राज्यांत दोनदा गरोदर म्हणून मोजली जाते आणि बाळंतपण एकदाच होतं. तुमच्याकडे ती "पुढं काय झालं माहीत नाही" मध्ये जाते, आमच्याकडे ती "उशिरा नोंद झालेली" म्हणून दिसते. आमचं लवकर नोंदणीचं प्रमाण कमी दिसलं की बैठकीत ऐकून आम्हाला घ्यावं लागतं, आणि त्या बाईची नोंद तर तुमच्याकडे तिसऱ्या महिन्यातच झालेली असते.

उलटंही आहे. जशा आमच्या मुली खानापूर-हुक्केरीला, तुमच्या इकडे दिल्यात, तशा तुमच्या मुली आमच्याकडे दिल्यात. रोटी-बेटीचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. तुमच्या भागातली लेक आमच्याकडे सून असली तर ती तुमच्याकडे बाळंतपणाला जाते आणि माझे रकाने कोरे राहतात.

माझ्या उपकेंद्राच्या नोंदी अशाच पद्धतीनं काढल्या तर दोन्ही बाजूंचं मिळून एक ॲबस्ट्रॅक्ट होईल का?

रानवाट

हिरण्यकेशी ताई, तुमचं वाचून अंगावर काटा आला. हे दुसऱ्या टोकाचं मला कधी दिसलंच नसतं.

सर, तुम्ही सांगितलं तसं लिहून बघितलं. आकड्यांच्या जागा मोकळ्या ठेवल्यात, परवानगी आल्याशिवाय ते इथं टाकणार नाही. आधी मराठीत लिहिलंय, नीट जमलं की इंग्रजीत करेन.

*मथळा:* राज्याच्या सीमेवरील माता आरोग्य सेवेची सद्यस्थिती व आव्हाने

*पार्श्वभूमी:* भारतात माता मृत्यूचे प्रमाण ही गंभीर समस्या आहे. गरोदरपणातील ॲनिमिया हे त्याचे महत्त्वाचे कारण आहे. शासन अनेक योजना राबवीत आहे. सीमाभागातील महिला प्रसूतीसाठी माहेरी जातात.

*उद्देश:* सीमापार प्रसूतीचा अभ्यास करणे.

*पद्धत:* एका उपकेंद्रातील नोंदींचा अभ्यास केला.

*निष्पत्ती:* — बायकांपैकी — महाराष्ट्रात गेल्या. त्यांपैकी — जणींची माहिती ४२ दिवसांत मिळाली. — जणींचे हिमोग्लोबिन ७ पेक्षा कमी होते.

*निष्कर्ष:* माहेरी गेल्यामुळे मातांची आणि बाळांची काळजी घेतली जात नाही. शासनाने लक्ष द्यावे.

जनआरोग्य_बेळगाव

चांगली सुरुवात. आता एकेक ओळ बघू.

पार्श्वभूमीतली पहिली तीन वाक्यं कुणालाही लिहिता येतात आणि तपासणारा ती रोज वाचतो. चौथं वाक्य पहिलं करा. त्यात लिहा की बाई राज्याची हद्द ओलांडते तेव्हा तिची नोंद मागे राहते, आणि बाळंतपणाआधीचा शेवटचा महिना आणि नंतरचे सहा आठवडे याच काळात तिला जास्त लक्ष हवं असतं. दोन वाक्यांत पार्श्वभूमी संपली.

"अभ्यास करणे" हा उद्देश होत नाही. प्रमाण काढणे, तुलना करणे, असं क्रियापद हवं.

पद्धतीत तुमचे शब्द खर्च करा, ही जागा सगळ्यात कोरडी राहिलीय. कुठलं वर्ष, कोण बायका घेतल्या, कोण वगळल्या, माहिती कुठल्या रजिस्टरातून, "माहिती मिळाली" म्हणजे नेमकं काय मिळालं: बाळंतपणाची तारीख, जागा, बाळाचं वजन? तिन्ही मिळालं तरच मिळाली म्हणायचं की एक पुरे? हे आधी ठरवा आणि लिहा. एथिक्स कमिटीची मंजुरी घेतल्याचं एक वाक्य इथंच येतं. नोंदींवरच्या अशा अभ्यासासाठी स्ट्रोब नावाची मार्गदर्शक यादी आहे, तिच्यात परिषदेच्या ॲबस्ट्रॅक्टसाठी वेगळं पान आहे. समोर ठेवून लिहा.

निष्पत्तीत हिमोग्लोबिन ७ पेक्षा कमी असलेल्या बायकांचा आकडा एकटा देऊ नका. गरोदरपणात ११ च्या खाली म्हणजे ॲनिमिया, ७ च्या खाली तीव्र. दोन्ही गटांत, गेलेल्या आणि राहिलेल्या, किती जणी ११ च्या खाली होत्या ते द्या. आणि आकडा पाचच्या आत असेल तर "पाचपेक्षा कमी" असं लिहा. लहान गावात एखादी जुळ्यांची आई किंवा एखादं मेलेलं बाळ म्हणजे कोण, हे सगळ्या गावाला माहीत असतं. गावाचं नाव तर कुठंच नको, तालुक्याचंही टाळता आलं तर टाळा. "कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरील एक डोंगरी तालुका" पुरेसं आहे. तसंही बऱ्याच परिषदांत नाव झाकून तपासणी होते, संस्थेचं नाव मजकुरात दिसलं तर ॲबस्ट्रॅक्ट बाद होऊ शकतो.

निष्कर्षातलं पहिलं वाक्य काढूनच टाका. माहेरी गेल्यामुळे काळजी घेतली जात नाही, हे तुमच्या आकड्यांतून निघत नाही. हिरण्यकेशी ताईंचं वाचलंत ना, तिकडे काळजी घेतली जातेच. तुमच्यापर्यंत पोचत नाही ती माहिती. जेवढं मोजलं तेवढंच म्हणा.

रानवाट

हे मनाला लागलं, चांगल्या अर्थानं. माहेरच्या माणसांवर दोष जाईल असं मला अजिबात लिहायचं नव्हतं. लेकीला माहेरी जितकं जपतात तितकं कुठंच जपत नाहीत.

घटप्रभा

मी पीजी करते. सर, पूर्ण झालेलं नसेल तर "निकाल परिषदेत सांगू" असं लिहून पाठवता येतं का? रानवाट ताईंची मंजुरी यायला वेळ लागला तर?

जनआरोग्य_बेळगाव

बहुतेक ठिकाणी चालत नाही, आणि चाललं तरी गुण कमी पडतात. नियमावली वाचा. काही परिषदांत कार्यक्रमातले अनुभव किंवा उत्तम उपक्रम असा वेगळा विभाग असतो, तिथं आकड्यांची अपेक्षा कमी असते. पण माझा सल्ला असा की यंदा मंजुरी वेळेत आली नाही तर पुढच्या वर्षी पाठवा. या प्रश्नाला शिळेपण येणार नाही.

चिकोडीची_अक्का

आता माझा मुद्दा. नावं कुणाची घालणार? आशा फोन करून करून माहिती गोळा करते, घरोघर हिंडते, आणि ॲबस्ट्रॅक्टवर नावं सगळी वरच्यांची. हे मी फार वर्षं बघतेय आणि मला ते खपत न्हाई. रानवाट ताई, तुमच्या आशाचं नाव लेखकांत घाला.

जनआरोग्य_बेळगाव

अक्का, भावना खरी आहे, पण लेखक कोण याचे नियम आहेत. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती चार अटी घालते: कामाच्या आखणीत, माहिती गोळा करण्यात किंवा तिचा अर्थ लावण्यात मोलाचा वाटा, मजकूर लिहिणं किंवा त्यात मुद्द्याची दुरुस्ती करणं, शेवटच्या मसुद्याला मान्यता, आणि कामाची जबाबदारी घेणं. चारही पूर्ण झाल्या पाहिजेत. नुसती माहिती गोळा केली तर आभारात नाव येतं.

चिकोडीची_अक्का

मग तिला मसुदा वाचून दाखवा की! मराठीत वाचून दाखवा, तिचं मत घ्या, चुकलेलं तिला सुधारू दे. कुठली बाई का गेली, कुणाचा फोन का लागत न्हाई, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? चार अटी पुऱ्या करायची संधी दिली तर ती पुऱ्या करेल. संधीच न देता नियम दाखवायचा हे बरोबर न्हाई. आणि हाच नियम वरच्या साहेबांनाही लावा. पत्रावर सही केली म्हणून कुणी लेखक होत न्हाई.

जनआरोग्य_बेळगाव

यावर माझ्याकडे उत्तर नाही. अक्का म्हणतात तसं करावं. त्या समितीनंही हेच म्हटलंय, की पहिली अट पूर्ण करणाऱ्याला मसुद्यात भाग घ्यायची संधी मिळाली पाहिजे. परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यांचं नाव आभारात घालायचं, आणि हे त्यांना आधीच नम्रपणे सांगून ठेवायचं. ॲबस्ट्रॅक्ट स्वीकारल्यावर नावांचा क्रम बदलणं अवघड जातं.

निपाणीकर_फिजिओ

फॉर्म भरण्याबद्दल थोडं. संकेतस्थळावर थेट टाईप करू नका, मध्येच लाईट गेली की सगळं जातं. आधी वर्डमध्ये लिहा, शब्द मोजा, मग चिकटवा. चिकटवल्यावर पुन्हा वाचा, "पेक्षा कमी", "पेक्षा जास्त" ही चिन्हं कधीकधी गायब होतात आणि वाक्याचा अर्थच उलटतो. शेवटच्या रात्रीवर ठेवू नका, जांबोटीच्या रानात पावसाळ्यात नेट कसं असतं हे तुम्हाला मी काय सांगणार. पाठवल्यावर जो क्रमांक येतो तो लिहून ठेवा, आणि स्पॅममध्ये बघत राहा.

हिरण्यकेशी

माझा प्रश्न राहिला. दोन राज्यांचं मिळून एक करायचं का?

जनआरोग्य_बेळगाव

करायचं, पण यंदा नको असं मला वाटतं. तुमच्या बाजूच्या नोंदींना तुमच्या तालुका आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची परवानगी लागेल, मग दोन्हीकडच्या नोंदी जुळवायच्या म्हणजे नावं समोर येणार. कमिटी त्यावर बारकाईनं प्रश्न विचारेल आणि विचारायलाच हवेत. यंदा रानवाट ताई एका बाजूचं मांडू देत. तुम्ही तुमच्या रजिस्टरात फक्त एवढं बघा, की उशिरा नोंद झालेल्यांपैकी किती जणी कर्नाटकात आधीच नोंदलेल्या होत्या. कामाचा भाग म्हणून कार्ड बघताच, तेव्हा एक खूण करत चला. परवानगी मिळेल तेव्हा तुमची माहिती तयार असेल. दोन राज्यांची एकत्र मोजणी झाली तर मी स्वतः ती राष्ट्रीय परिषदेत तोंडी सादरीकरणासाठी सुचवेन, पोस्टरसाठी नाही.

रानवाट

टीएचओ साहेबांना पत्र दिलं. त्यांनी विषय ऐकून घेतला, स्वतःच दोन नोंदी आठवून सांगितल्या आणि सही केली. कॉलेजातल्या एका मॅडमशी बोलणं झालंय, प्रस्ताव त्यांच्या कमिटीच्या पुढच्या बैठकीत जाईल. आशाला मसुदा वाचून दाखवला. ती म्हणाली, "मॅडम, ज्यांची सासू फोन उचलते त्यांचं कळतंय, ज्यांच्या नवऱ्याचाच नंबर आहे त्यांचं कळत नाही, कारण नवरा कामाला गोव्याला नाहीतर पुण्याला." नंबर कुणाचा आहे हे आमच्या रजिस्टरात लिहिलेलं असतं. तो रकाना पद्धतीत घेतलाय.

सुधारलेलं:

*मथळा:* बाळंतपणासाठी राज्याची हद्द ओलांडणाऱ्या मातांची माहिती परत येते का? कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरील एका उपकेंद्राच्या एका वर्षाच्या नोंदी

*उद्देश:* नोंद झालेल्या गरोदर मातांपैकी शेजारच्या राज्यात प्रसूत झालेल्यांचे प्रमाण काढणे, आणि ४२ दिवसांत प्रसूतीची माहिती मिळण्याच्या प्रमाणाची राज्यात राहिलेल्या मातांशी तुलना करणे.

*निष्कर्ष:* माता राज्याबाहेर गेल्यावर तिची माहिती नोंद झालेल्या उपकेंद्रापर्यंत किती पोचते, हे या नोंदींतून मोजता येते. दोन्ही बाजूंच्या आरोग्य कार्यकर्तींना एकमेकींशी संपर्क साधण्याची ठरलेली पद्धत असावी आणि तिचा उपयोग होतो का हे तपासावे.

पद्धतीचा परिच्छेद मॅडमना दाखवून मग इथं टाकते. सर, पोस्टर मागू की तोंडी?

जनआरोग्य_बेळगाव

मथळा आता वाचणाऱ्याला थांबवतो. निष्कर्षातलं पहिलं वाक्य आकडे आल्यावर बदलून त्यात उत्तर लिहा.

फॉर्ममध्ये "दोन्ही चालेल" असा पर्याय असतो, तो निवडा. पोस्टर मिळालं तर कमी समजू नका. पोस्टरसमोर लोक थांबून बोलतात आणि बिदर, कारवारकडचं कुणी आलेलं असेल तर "आमच्याकडेही असंच" म्हणत तुमच्यापाशी येईल. मजकूर कमी ठेवा, एक सारणी आणि एक साधा नकाशा पुरे, नकाशावर गावांची नावं न घालता. आकार परिषदेनं दिलेलाच घ्या. छपाई बेळगावातच करून न्या.

हिरण्यकेशी

रानवाट ताई, तुम्हाला खाजगी निरोप पाठवलाय. माझ्या उपकेंद्राचा फोन त्यात आहे. ॲबस्ट्रॅक्टचं होईल तेव्हा होईल. तुमची सातच्या आसपास हिमोग्लोबिन असलेली बाई आमच्या बाजूला येणार असेल तर निघायच्या आधी कळवा, मी तिच्या घरी जाऊन येईन.